सुका कचरा भट्टीपर्यंत सुकाच पोचावा म्हणून
ठाण्यातील गृहनिर्माण सोसायट्यांसाठी माहितीपत्रक

कचरा जाळून वीज होते का, हा प्रश्न कमिटीच्या बैठकीत हमखास निघतो. होते. पण किती होणार, हे कचऱ्यातलं पाणी ठरवतं. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण 610 किलोकॅलरी उष्णता लागते आणि ती धुराड्यातून निघून जाते.

ओला-सुका एकत्र केलेला एक किलो कचरा घ्या. त्यात 600 ग्रॅम पाणी आणि 100 ग्रॅम माती-काच धरली, तर जळण्याजोगं उरतं 300 ग्रॅम. किलोला 4500 च्या हिशोबाने त्यातून 1350 किलोकॅलरी निघतात, पैकी 366 पाणी उडवण्यातच जातात. उरतात हजाराच्या आत. एवढ्यावर भट्टी स्वतःहून पेटती राहत नाही, वरून इंधन द्यावं लागतं. तोच कचरा 20 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला, तर किलोमागे 2500 च्या वर मिळतात. दिल्लीत तिमारपूरला 1987 मध्ये डेन्मार्कच्या मदतीने रोज 300 टन कचरा जाळण्याचा प्रकल्प उभा राहिला आणि थोड्याच दिवसांत बंद पडला. आराखड्यात धरलेली उष्णता त्या कचऱ्यात नव्हतीच.

म्हणून सोसायट्यांचा सुका कचरा न्यायला येणारी आमची गाडी ओला कचरा घेत नाही. त्याचं खत करा किंवा बायोगॅस. रोजच्या 150 किलो ओल्या कचऱ्यातून नीट चालणारा बायोगॅस संयंत्र पाच-सहा किलो एलपीजीइतका गॅस देतो. जाळून त्यातून काहीच हाती लागत नाही.

गोणीत काय हवं

आधी भंगारवाल्याला जाणारं बाजूला काढा: पुठ्ठा, वर्तमानपत्रं, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा. पुठ्ठ्याचा पुन्हा पुठ्ठा होतो, तो जाळायला देणं आम्हालाही पटत नाही. उरतं ते आमचं: वेफर्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं, मळकट पातळ पिशव्या, फाटके कपडे, चिंध्या, जुन्या चपला (रेक्झिनच्या सोडून), तुटक्या लाकडी वस्तू, वाळलेल्या करवंट्या. शहाळी नकोत, त्यात पाणीच जास्त.

2016 च्या घनकचरा नियमांनी किलोला 1500 किलोकॅलरी किंवा जास्त उष्णता देणारा, पुनर्वापर न होणारा कचरा डम्पिंगवर टाकायला मनाई केली. त्याची जागा भट्टीत. आमच्याकडे तो चाळून, श्रेडरमध्ये बारीक करून, दाबून गठ्ठे बांधून सिमेंटच्या भट्ट्यांना जातो. तिथे ज्योतीचं तापमान 2000 अंशांच्या आसपास असतं, माल 1450 अंशांपर्यंत तापतो आणि राख क्लिंकरमध्येच (ज्या भाजलेल्या गोळ्या दळून सिमेंट होतं त्यात) मिसळून जाते. वीज करणाऱ्या भट्टीत मात्र राख उरते. तळाची कचऱ्याच्या वजनाच्या साधारण पाचवा ते चौथा हिस्सा, शिवाय फिल्टरमधली बारीक राख, जी धोकादायक कचरा म्हणूनच हाताळावी लागते.

काय नको, आणि का

सगळ्यात जास्त त्रास देतं पीव्हीसी. वायरचं आवरण, पाइपचे तुकडे, रेक्झिन आणि वाढदिवसाचे फ्लेक्स. हो, फ्लेक्सही. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. आमच्या मालात क्लोरीन 1 टक्क्याच्या आत लागतो. म्हणजे 100 किलोच्या गठ्ठ्यात दोन किलो पीव्हीसी शिरलं की तो गठ्ठा बाद. सिमेंट भट्टीत क्लोरीनचे क्षार प्रीहीटरमध्ये (भट्टीआधी माल तापवणाऱ्या भागात) थर धरून वाट बुजवतात, वीज करणाऱ्या बॉयलरमध्ये नळ्या गंजवतात.

बॅटऱ्या आणि जुने मोबाइल गोणीत अजिबात नकोत. लिथियमची बॅटरी श्रेडरमध्ये चिरडली की आग लागते. डिओचे डबेही फुटतात. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वेगळे, महापालिकेच्या गाडीला द्या.

‘सोसायटीपुरती छोटी भट्टी’ घेऊ का?

आमचं मत: नको. नियमांना दुसऱ्या कक्षात किमान 950 अंश तापमान लागतं आणि वायू तिथे निदान दोन सेकंद राहावा लागतो. दिवसातून तासभर पेटणारी भट्टी थंडच सुरू होते आणि थंड होतच बंद पडते. डायॉक्सिन ही अतिविषारी रसायनं बनायला पोषक तापमान 200 ते 450 अंशांचं, आणि तिच्या धुराचा बराच वेळ तिथेच जातो. मोठ्या प्रकल्पात धूर झटकन थंड करून चुना, सक्रिय कोळसा आणि बॅग फिल्टर यांतून नेतात. ही व्यवस्था पार्किंगच्या कोपऱ्यात बसत नाही.

विजेचा हिशोबही पाहा. 200 फ्लॅटमधून रोज असा 40 किलो कचरा आणि किलोला 3500 किलोकॅलरी धरली, तर 163 युनिट उष्णता झाली. तिचा पाचवा हिस्सा वीज बनला तरी 33 युनिट. 7.5 एचपीचा पाण्याचा पंप सहा तासांत साधारण तेवढी खातो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर गोणी बिघडतात. जमिनीवर ठेवलेली गोणी फरशीची ओल खालून शोषते, म्हणून विटांवर फळी टाकून ठेवा, पागोळ्यांपासून आणि गाड्या धुण्याच्या जागेपासून लांब. तोंड बांधलेलं हवं. पाकिटं विसळून टाकत असाल तर उत्तम, पण आधी पालथी घालून निथळू द्या. नाहीतर विसळलेलं पाणीच गोणीत भरलं जातं.

शंका असेल तर गोणीच्या मधोमध हात घालून 500 ग्रॅम माल काढा (वरचा थर नेहमी कोरडाच असतो), स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, वर्तमानपत्रावर पसरून दोन दिवस उन्हात ठेवा आणि पुन्हा तोला. 100 ग्रॅम घटले म्हणजे ओलावा 20 टक्के, तीच आमची हद्द. ऊन नसेल तर पंख्याखाली वाळवा. तिथे पाणी पुरतं निघत नाही, म्हणून 75 ग्रॅम घट हीच हद्द धरा.

ओली गोणी गाडीवाला गेटवरच ठेवून जाईल. ती मोकळी करून छपराखाली पसरा. वाळली की पुढच्या फेरीला तीच घेऊ.