पस्तावा आणि पश्चात्ताप: यहूदा कुठे गेला, पेत्र कुठे गेला

पस्तावा म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. चूक उघडी पडते, परिणाम अंगावर येतात, आत जळायला लागतं, 'मी असं का केलं' हा प्रश्न झोपू देत नाही. त्यावर जास्त बोलत नाही.

घोळ होतो तो येशूच्या हाकेपाशी. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात (१:१५) ती एका दमात येते: देवाचं राज्य जवळ आलं आहे, पश्चात्ताप करा आणि सुवार्तेवर विश्वास ठेवा. मराठी वाचकाला 'पश्चात्ताप' म्हटलं की ते जळणंच ऐकू येतं. त्याचा दोष नाही, शब्दाची फोडच तशी आहे: पश्चात् ताप, मागाहून होणारा ताप. पण मूळ ग्रीक 'मेटानोइया'मध्ये ताप कुठेच नाही, मन पालटणं आहे. आणि जुन्या करारातले संदेष्टे लोकांना देवाकडे बोलावतात तेव्हा 'शूव' हे हिब्रू क्रियापद वापरतात. त्याचा साधा अर्थ परत फिरणं. गावाकडे परतणाऱ्या माणसालाही तेच क्रियापद चालतं.

म्हणून उपासनेत किती जण रडले यावरून पश्चात्ताप मोजलेला मला अजिबात सहन होत नाही. रडणारा वळला असेलच असं नाही, आणि ज्याला रडू येत नाही त्याला 'तुझा पश्चात्ताप खरा नाही' म्हणणं हा अन्याय आहे.

खरा फरक पाहायचा तर येशूचे दोन शिष्य, यहूदा आणि पेत्र, यांना शेजारी उभं करा. एकाच रात्री एकाने येशूला धरून दिलं, दुसऱ्याने तीनदा नाकारलं. पुढे काय झालं? मत्तय २७ प्रमाणे यहूदा पस्तावला. निर्दोष माणसाला धरून देऊन मी पाप केलं, अशी त्याने उघड कबुली दिली. धरून देण्यासाठी घेतलेली चांदीची तीस नाणी परत नेली. पेत्राने? तो बाहेर जाऊन मोठ्या दुःखाने रडला, एवढंच शुभवर्तमान सांगतं. त्या रात्री कबुलीचं एक वाक्यही त्याच्या तोंडी नाही. कबुली आणि भरपाई एवढंच मोजलं, तर यहूदा पुढे आहे!

मत्तय यहूदासाठी 'मेटानोइया'चं क्रियापद न वापरता 'मेटामेलोमाय' हे दुसरं वापरतो, हे बरेच जण सांगतात. पण निव्वळ शब्दावर विसंबू नये. मत्तय २१ मधला मुलगा आधी 'जात नाही' म्हणतो आणि मग द्राक्षमळ्यात जातो, त्यालाही हेच क्रियापद लावलं आहे.

फरक आहे तो कोणाकडे गेला यात. यहूदा आपलं ओझं घेऊन मुख्य याजकांकडे गेला आणि त्यांनी सांगितलं, आम्हाला त्याचं काय, तुझं तू पाहा. क्षमा करू शकणाऱ्याकडे तो गेलाच नाही. (त्याच्या मरणाचा न्याय करायला मी बसलेलो नाही, फक्त वाट दाखवतो आहे.) पेत्र मात्र इतर शिष्यांमध्ये टिकून राहिला, येशूच्या रिकाम्या कबरेकडे धावला, आणि योहान २१ मध्ये किनाऱ्यावर प्रभू आहे असं कळताच सुमारे दोनशे हात दूर असलेल्या होडीतून त्याने पाण्यात उडी टाकली. ज्याला नाकारलं त्याच्याचकडे!

हे बळ कुठून आलं, ते लूक २२:३२ मध्ये आहे. नाकारण्याच्या आधीच येशू त्याला सांगतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे, आणि तू वळलास म्हणजे भावांना स्थिर कर. विश्वास आणि वळणं एकाच वाक्यात आहेत. समोरचा आपल्याला झिडकारणार नाही हा भरवसा नसेल, तर माणूस त्याच्याकडे वळेलच कसा? देवावरचा भरवसा काढून घेतला की पश्चात्तापाचा पस्तावाच उरतो.

म्हणूनच 'आधी सुधारतो, मग देवाकडे येतो' हे वाक्य कितीही नम्र वाटलं तरी मला ते भरवशाचा अभाव वाटतं. त्याच्या उलट टोकाला 'माझा देवावर भरवसा आहे, मला वळायची गरज नाही' असं म्हणणारे आहेत. त्यांना याकोब २:१९ पुरे: देव एक आहे हे भुतंही मानतात आणि कापतात.

बाकीचे फरक किरकोळ. पस्तावा कालांतराने विझतो. पश्चात्ताप मात्र एकदा करून संपत नाही. १५१७ मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या ९५ प्रबंधांतला पहिलाच सांगतो की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्य पश्चात्तापाचं असावं.

राहिली भरपाई. ती हवीच, पण तिची जागा लूक १९ मधल्या जक्कय या जकातदाराच्या घरात बघा. येशू आधी त्याला झाडावरून खाली बोलावतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे म्हणतो. जक्कय आनंदाने त्याचं स्वागत करतो. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट, हे शब्द त्यानंतर येतात.