जुना पिकअप पुन्हा रस्त्यावर आणताना : नाशिक आरटीओतली परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

सिन्नर, निफाड, दिंडोरीकडच्या मळ्यांत शेडखाली एखादा जुना पिकअप हमखास उभा दिसतो. इंजिन धड असतं, हौद्याचा पत्रा मात्र गंजून गेलेला असतो. असा पिकअप घरीच दुरुस्त करायचा ठरला की बहुतेक जण आधी डेंटिंग-पेंटिंग उरकतात, हौदा नव्याने बांधून घेतात आणि गाडी तयार झाल्यावर पेठ रोडच्या आरटीओत जातात. तिथे कळतं की आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) अजून बँकेचा बोजा आहे, चासीचा (गाडीच्या लोखंडी सांगाड्याचा) नंबर रंगाखाली बुजला आहे आणि बांधलेला हौदा कागदावरच्या मापाचा नाही. केलेलं काम तोडून पुन्हा करावं लागतं. म्हणून आधी कागद, मग वेल्डिंग.

गाडीचा कागद काय सांगतो

आरसीवर पहिल्यांदा वाहनाचा वर्ग बघा. पिकअप बहुधा मालवाहू म्हणून, म्हणजे पिवळ्या पाटीवर नोंदलेला असतो. काही दुहेरी केबिनच्या गाड्या खासगी वर्गात असतात. दोघांची वाट वेगळी आहे.

मालवाहू गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागतं, ज्याला आपण पासिंग म्हणतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत ते दोन वर्षांसाठी मिळतं, त्यानंतर दरवर्षी घ्यावं लागतं. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे फॉर्म २५ भरून दर वेळी पाच वर्षांनी नूतनीकरण होतं. हा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो.

गाडी १५ वर्षांची झाली म्हणजे भंगारातच घालावी लागते, असा समज अनेकांचा आहे. दिल्ली परिसरातले निर्बंध नाशिकला लागू नाहीत. इथे गाडीचं वय आडवं येत नाही, पण तपासणीत ती उतरली पाहिजे. मात्र जिची नोंदणीच रद्द झाली आहे, अशी गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेऊन तिच्यावर पैसा घालू नका. घेण्याआधी क्रमांक सरकारच्या परिवहन पोर्टलवर टाकून नोंदणीची स्थिती बघा.

आरसी जुन्या पुस्तकाच्या रूपात असेल तर तिची नोंद 'वाहन' या आरटीओच्या संगणक प्रणालीत आहे का, हेही आधीच तपासा. नोंद नसेल तर ऑनलाइन अर्ज पुढेच सरकत नाही. मूळ पुस्तक घेऊन कार्यालयात बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद संगणकात, करून घ्यावी लागते. मोबाईल क्रमांक आरसीला जोडलेला नसेल तर ओटीपी येणार नाही, म्हणून ते कामही याच वेळी उरका. थकलेली ई-चलनं भरून टाका. कर्ज कधीच फिटलं असलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा लागतो.

गाडी अजून आधीच्या मालकाच्या नावावर असेल तर आधी स्वतःच्या नावावर करा. त्यासाठी फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० लागतो. मालक वारले असतील तर वारसाने ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा. गुजरात किंवा मध्य प्रदेशातून आणलेल्या गाडीला तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, हवा. १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ती इथे राहणार असेल तर इथला क्रमांक घ्यावा लागतो.

काम सहा-आठ महिने चालणार असेल तर गाडी वापरात नसल्याची सूचना आरटीओला आधीच द्या. गाडी बंद होती, हे नंतर सांगून कर माफ होत नाही.

कोणता बदल चालतो, कोणता नाही

मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ५२ इथे कामाचं आहे. उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. गाडीच्या रचनेत केलेला आणि तिचं मूळ वैशिष्ट्य बदलणारा फरक म्हणजे 'बदल', अशी व्याख्या कायद्यातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मूळ मापाचा गंजलेला पत्रा कापून तसाच नवा बसवणं, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश, ब्रेक लायनर, व्हील सिलिंडर, वायरिंग, सीटची कव्हरं ही दुरुस्ती आहे. तिला परवानगी लागत नाही.

रंग बदलला तर आरसीवर नोंद हवी. ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त लष्करासाठी राखीव आहे, तो निवडू नका. उघड्या हौद्याचा बंद कंटेनर करणं, सीएनजी किट बसवणं, इंजिन बदलणं, मालवाहूची खासगी गाडी करणं, या सगळ्याला परवानगी लागते. चासी कापून लांबवणं, एका केबिनची दोन केबिन करणं, हौद्यात माणसांसाठी बाकडी ठोकणं, मडगार्डबाहेर येणारे रुंद टायर घालणं, हे कोणी फॅब्रिकेटर 'चालतंय' म्हणाला तरी करू नका. पुढच्या लोखंडी क्रॅश गार्डवर २०१७ पासून बंदी आहे. काचेवर काळी फिल्म चालत नाही. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे.

परवानगीचा अर्ज

परिवहन पोर्टलवर महाराष्ट्र आणि मग नाशिक, म्हणजे एमएच-१५, निवडा. मालेगाव, बागलाणकडची गाडी एमएच-४१ ची असेल तर तिचं कार्यालय मालेगावला आहे. वाहन क्रमांक आणि चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे टाकले की ओटीपी येतो. पुढे सेवा निवडायची, शुल्क भरायचं, कागद चढवायचे आणि तपासणीची तारीख घ्यायची. पावतीवर जे ठिकाण छापलेलं असेल तिथेच गाडी न्या.

नेहमीचा जुडगा असा : मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी, कर भरल्याची पावती, पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा (पॅन नसेल तर) फॉर्म ६०, चासी आणि इंजिन नंबरवर कागद ठेवून उठवलेली पेन्सिल छाप. गाडीवर बोजा असेल तर बँकेची लेखी संमती. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर पाटी (एचएसआरपी) बसवलेली हवी, ती नसेल तर इतर कामं अडतात.

हौदा बदलायचा असेल तर बांधणाऱ्याकडून मापांसह आराखडा आणि फॉर्म २२अ (बांधणाऱ्याचा रस्तायोग्यतेचा दाखला) घ्या. अंबड किंवा सातपूरच्या शेडमधून काम करून घेताना हा कागद मिळेल का, हे दर ठरवण्याआधी विचारा. काम झाल्यावर वजनकाट्यावर रिकाम्या गाडीचं वजन करून पावती जोडा. इथे एक हिशेब नीट समजून घ्या. गाडीचं एकूण मान्य वजन उत्पादकाने ठरवलेलं असतं, ते वाढत नाही. समजा ते २,८०० किलो आहे आणि रिकामी गाडी १,६५० किलोची, तर माल १,१५० किलो. बंद हौद्याने १२० किलो वाढले की माल १,०३० किलोच राहिला. द्राक्षाच्या क्रेट भरणाऱ्याला हा फरक रोज जाणवतो, तेव्हा पत्र्याची जाडी ठरवतानाच तो धरा. हौद्याचा मागचा भाग मागच्या ॲक्सलपासून, दोन ॲक्सलमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त बाहेर येता कामा नये.

इंजिन बदलताना त्याच बनावटीचं, त्याच इंधनाचं घ्या. इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल हवं. वापरलेलं इंजिन असेल तर ते कोणत्या गाडीतून निघालं, तिची आरसी आणि मालकाचं प्रतिज्ञापत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. भंगारातलं बिनकागदाचं इंजिन स्वस्त पडतं, पण ते आरसीवर चढत नाही. सीएनजी किट तुमच्या मॉडेलसाठी मान्यता मिळालेलं आणि अधिकृत केंद्राने बसवलेलं असावं. टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करावी लागते.

परवानगीशिवाय बदल झालाच असेल तर तो १४ दिवसांत कळवून आरसी नोंदीसाठी द्यायची असते. मुळात जो बदल चालतच नाही, तो यामुळे वैध होत नाही.

मालवाहूची खासगी गाडी करायची असेल तर परमिट परत करावं लागतं आणि कराचा फरक निघतो. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला मुळात परमिटच लागत नाही, त्यामुळे छोट्या पिकअपवाल्यांचा हा एक कागद वाचतो.

चासी नंबर सांभाळा

घरी काम करताना सगळ्यात मोठं नुकसान इथे होतं. नंबर लोखंडी दांडीवर कोरलेला असतो आणि त्यावर ग्रीस, माती, जुन्या रंगाचे थर चढलेले असतात. ग्राइंडर किंवा सँडब्लास्टिंग त्या जागी फिरवलं की आकडे उथळ होतात आणि पेन्सिल छाप उठत नाही. काम सुरू करण्याआधी नंबर शोधा, रॉकेल आणि हाताच्या तारेच्या ब्रशने साफ करा, फोटो काढा, पाच-सहा छापा घेऊन ठेवा. मग त्यावर जाड टेप लावा. शेवटी रंगाचा एकच पातळ हात द्या, पुट्टी अजिबात नको.

गंजाने आकडे खाल्लेच असतील तर स्वतः पंचिंग करू नका, तो गुन्हा ठरतो. आरटीओकडे लेखी अर्ज करा. ओळख पटवून आणि पोलिसांचा दाखला घेऊनच नंबर पुन्हा कोरण्याचा आदेश मिळतो. नंबराच्या जागी दांडी आरपार सडली असेल तर गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात देणं शहाणपणाचं. तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नवीन गाडीच्या करात सवलत मिळते.

तपासणीत गाडी कशावर नापास होते

पासिंगची किंवा नोंदणीची मुदत संपलेली गाडी चालवत नेऊ नका, टोचन करून न्या. वाटेत अपघात झाला तर विमा अडचणीत येतो.

धूर : बीएस-३ (बीएस म्हणजे भारत स्टेज, प्रदूषणाची मानकं) आणि त्याआधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक) आहे, बीएस-४ ला ५०. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत नोजल टपकतात, एअर फिल्टर चोंदलेला असतो आणि ताकद वाढवायला कोणीतरी पंपाचा डिझेल स्क्रू पिळलेला असतो. नोजल आणि पंप बेंचवर सेट करून घ्या, फिल्टर नवा टाका आणि गाडी थंडगार असताना चाचणी देऊ नका. पंधरा-वीस मिनिटं सुरू ठेवून इंजिन तापलं की आकडा खाली येतो. पीयूसी बीएस-४ ला वर्षभर चालते, जुन्या गाड्यांना सहा महिने.

ब्रेक : ब्रेक तपासणीच्या रोलरवर डाव्या-उजव्या चाकाचा फरक पकडला जातो. उभ्या गाडीत व्हील सिलिंडर एका बाजूला जाम झालेला असतो, म्हणून दोन्ही बाजूंचे एकदमच बदला. दुसरं कारण फार कमी जणांच्या लक्षात येतं. माल जास्त बसावा म्हणून मागे जादा पाटा टाकला जातो. त्याने गाडीची मागची बाजू उचलली जाते. ॲक्सल आणि चासीमधल्या लिव्हरवर चालणाऱ्या, भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब ठरवणाऱ्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हला वाटतं की गाडी कायम रिकामी आहे, आणि तो मागच्या ब्रेकचा दाब कापतो. लायनर नवे, तेल नवं, तरीही मागचा ब्रेक लागत नाही. भरल्या गाडीने कसारा घाट उतरताना काय होईल, ते वेगळं सांगायला नको. जादा पाटा काढा, पाटे मूळ संख्येइतके ठेवा आणि व्हॉल्व्हचा लिव्हर कंपनीच्या मापाने लावा. उचललेल्या गाडीचे हेडलाइटही वर बघतात आणि त्या चाचणीतही नापास करतात. दिव्यात ६०/५५ वॅटचे एच-४ बल्ब ठेवा, जुन्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घातला की प्रकाश विखुरतो.

स्टिअरिंगचा प्ले, टाय रॉडचे टोक, हँडब्रेक आणि वायपर घरीच तपासता येतात. मालवाहू गाडीला परावर्तक पट्ट्या हव्यात : पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी. साधी रेडियमची पट्टी चालत नाही, प्रमाणित पट्टीचं प्रमाणपत्र दुकानदाराकडून मागून घ्या. बहुसुरी हॉर्न काढून ठेवा.

शुल्क

खासगी हलक्या गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाला १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये लागतात. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीनंतर २० वर्षांवरच्या गाडीला १०,००० रुपये. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये वाढतात, म्हणजे दोन वर्षं पडून राहिलेल्या गाडीला १२,००० रुपये नुसता विलंब भरावा लागतो. मालवाहू गाडीच्या पासिंगचं शुल्क वयाच्या टप्प्यांनुसार चढतं आणि विलंबाला दिवसाला ५० रुपये पडतात. शिवाय जुन्या गाडीवर पर्यावरण कर असतो, तो डिझेलला पेट्रोलपेक्षा जास्त आहे. पोर्टल दाखवेल तीच रक्कम भरायची, आणि पावती स्वतःच्या मोबाईलवर घ्यायची.

मंजुरी मिळाली की आरसी स्पीड पोस्टाने नोंदलेल्या पत्त्यावर येते. पाकीट फोडल्यावर रंग, रिकाम्या गाडीचं वजन, इंधन, इंजिन नंबर आणि नवी मुदत या पाच नोंदी वाचा. काही चुकलं असेल तर लगेच दुरुस्ती मागा. त्याच आठवड्यात नव्या आरसीची प्रत विमा कंपनीला देऊन बदलांची नोंद पॉलिसीवर करून घ्या, आणि त्याची पोच गाडीच्या फाइलला लावून ठेवा.