राजा नको म्हणणाऱ्यांचं रोम: ते कसं चाललं, कसं वाढलं आणि कुठे मोडलं

रोमचा विषय निघाला की गाडी थेट ज्युलियस सीझरवर जाते, फार तर नीरोवर. पण सीझर मारला गेला इ.स.पू. 44 मध्ये, आणि तोपर्यंत रोमचं प्रजासत्ताक साडेचारशे वर्षं चालून, वाढून आणि खरं सांगायचं तर मोडूनही झालेलं होतं. आधीचं माहीत नसेल तर सीझरला भोसकणाऱ्यांना नेमकं काय वाचवायचं होतं तेच कळत नाही.

सुरुवात अगदी साधी आहे. टायबर नदी जिथे ओलांडता येते तिथल्या टेकड्यांवरची वस्ती, शेजारी मिठाचा व्यापारी रस्ता, उत्तरेला श्रीमंत आणि सुधारलेले इट्रुस्कन लोक. परंपरेप्रमाणे इ.स.पू. 753 ला रोम्युलसने शहर वसवलं, मग एकूण सात राजे झाले, त्यातला शेवटचा टार्क्विन इतका माजला की 509 मध्ये लोकांनी त्याला हाकलून दिला. या सगळ्या गोष्टी नंतर कित्येक शतकांनी लिहिल्या गेल्या, त्यामुळे तारखा आणि प्रसंग जपूनच घ्यायचे. पण एक गोष्ट मात्र पक्की, पुढची सगळी शतकं रोमन राजकारणात कुणावर "याला राजा व्हायचंय" असा आरोप बसला की तो माणूस संपलाच म्हणून समजा.

आणि त्यांची राज्यपद्धती म्हणजे या भीतीचीच व्यवस्था. राजाच्या जागी दोन कॉन्सल आणले, दोघांना सारखाच अधिकार, मुदत फक्त एक वर्ष, आणि एकाने काही ठरवलं तर दुसरा ते अडवू शकतो. संकट आलंच तर डिक्टेटर नेमायचा, पण त्यालाही जास्तीत जास्त सहा महिने. सिन्सिनाटसची गोष्ट रोमन लोक आवडीने सांगायचे, की तो शेतात नांगर धरून होता, त्याला बोलावून डिक्टेटर केलं, शत्रूला हरवलं आणि पंधरा-सोळा दिवसांत पद सोडून परत शेतावर गेला. किती खरी देव जाणे, पण कोणता नेता आदर्श मानायचा ते त्यातून कळतं.

आता हे दोन कॉन्सल यायचे कुठून, तर सुरुवातीला खानदानी घराण्यांतून, म्हणजे पॅट्रिशियन. बाकी सगळे प्लेबियन, त्यात गरीब शेतकरी होते तसे चांगले पैसेवालेही होते. गरिबांचा मोठा त्रास म्हणजे कर्ज, फेडता आलं नाही की सावकाराकडे वेठीला जायचं. इ.स.पू. 494 मध्ये प्लेबियन लोकांनी काय केलं तर लढाईच्या तोंडावर सरळ शहर सोडलं आणि बाहेरच्या टेकडीवर जाऊन बसले, लढा तुम्हीच. सैन्य त्यांच्याच जिवावर असल्यामुळे वरच्यांना नमावं लागलं आणि प्लेबियन लोकांचे स्वतःचे ट्रिब्यून, म्हणजे त्यांनी निवडलेले प्रतिनिधी, आले. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावायचा नाही आणि तो कुठल्याही अधिकाऱ्याचा निर्णय अडवू शकतो, इतकी मोठी ताकद त्याला मिळाली. मग साधारण 450 च्या सुमारास कायदे बारा पाट्यांवर लिहून चौकात लावले गेले, 445 मध्ये पॅट्रिशियन-प्लेबियन लग्नावरची बंदी उठली, 367 मध्ये कॉन्सलपद प्लेबियनांना खुलं झालं आणि 287 मध्ये त्यांच्या सभेने केलेले कायदे सगळ्यांना लागू झाले. दोनशे वर्षं लागली, पण हे फार मोठ्या रक्तपाताशिवाय झालं, आणि पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा.

म्हणून याला लोकशाही म्हणायची घाई मात्र नको. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत माणशी एक मत नव्हतंच, मतदार 193 गटांत वाटलेले असायचे आणि गटाला एक मत. त्यातले घोडेस्वारांचे 18 आणि सगळ्यात श्रीमंत वर्गाचे 80 गट, झाले 98, म्हणजे बहुमत तिथेच पूर्ण. ज्यांच्याकडे मालमत्ता नाही त्या सगळ्यांचा मिळून एक गट, आणि त्यांच्यावर वेळ येईपर्यंत निकाल बहुतेक लागलेला असायचा. (नंतर यात थोडे बदल झाले, पण पारडं श्रीमंतांकडेच राहिलं.) बायकांना आणि गुलामांना तर मत नाहीच. आणि या सगळ्यावर सिनेट, 300 जणांची, बहुतेक माजी अधिकारी, जवळपास जन्मभरासाठी. कागदावर ती फक्त सल्ला देणारी, पण वर्षभराच्या कॉन्सलला पुन्हा याच लोकांत येऊन बसायचंय, मग तो सल्ला टाळणार कसा? पॉलिबियस नावाचा ग्रीक रोममध्ये ओलीस म्हणून आला होता, त्याने लिहिलंय की कॉन्सलमध्ये राजेशाही, सिनेटमध्ये उमरावशाही आणि सभांमध्ये लोकशाही असं हे मिश्रण आहे, म्हणून टिकलं. मला तरी वाटतं त्याने सिनेटचं वजन कमीच धरलं.

वाढीचं खरं गुपित माझ्या मते वेगळ्याच ठिकाणी आहे. 338 मध्ये आजूबाजूच्या लॅटिन शहरांना हरवल्यावर रोमने त्यांना नुसतं लुटून सोडलं नाही, काहींना पूर्ण नागरिकत्व दिलं, काहींना अर्धवट, बाकीच्यांशी करार केले, आणि बहुतेकांकडून मागितलं एकच, युद्धाला माणसं द्या. त्यामुळे प्रत्येक विजयातून पुढच्या युद्धाचे सैनिक मिळत गेले. रोमचं शत्रू शहर म्हणजे उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज, त्याचा सेनापती हॅनिबलने 216 मध्ये इटलीत कॅनीला एका दिवसात साधारण 50 हजार माणसं कापली, दुसरं कुठलंही शहर तहाला आलं असतं, रोमने नव्या फौजा उभ्या केल्या. काही मित्रशहरं फुटली हे खरं, पण मधली इटली बहुतांशी फुटली नाही आणि हॅनिबलचा सगळा हिशोब तिथेच चुकला. 202 ला झामाला तो हरला, 146 ला कार्थेज बेचिराख झालं आणि त्याच वर्षी ग्रीसमधलं कॉरिंथही.

आणि इथून बिघडायला लागलं. एका शहरासाठी बनवलेली व्यवस्था समुद्रापलीकडच्या प्रांतांवर चालवायची होती. गव्हर्नर वर्षभरासाठी जायचा, पगार नाही, निवडणुकीचं कर्ज डोक्यावर, आणि करवसुली बऱ्याच ठिकाणी मक्त्याने खासगी ठेकेदारांकडे दिलेली. सिसिलीत व्हेरेस या गव्हर्नरने इतकं लुटलं की 70 मध्ये सिसेरो या वकिलाने त्याच्यावर खटला भरला तेव्हा तो निकालाआधीच पळाला. इकडे इटलीत गुलामांचा पूर आला, मोठ्या जमीनदारांनी सरकारी जमिनी बळकावल्या आणि लांबच्या युद्धात अडकलेला छोटा शेतकरी मागे पडत गेला.

133 मध्ये टायबेरियस ग्रॅकस या ट्रिब्यूनने आपल्या सीलिंग कायद्यासारखाच कायदा आणला, सरकारी जमीन माणशी साधारण 300 एकरांच्या वर ठेवायची नाही, उरलेली गरिबांना. दुसऱ्या ट्रिब्यूनने व्हेटो केला तर याने त्यालाच मतदानाने पदावरून काढलं, जे आधी कुणी केलं नव्हतं. मग सिनेटर्सनी त्याला राजा व्हायचंय म्हणत बाकांच्या पायांनी बडवून मारला, सोबत त्याच्या 300 समर्थकांना, आणि प्रेतं टायबरमध्ये फेकली. प्रजासत्ताक सीझरने मारलं म्हणतात, मी ग्रॅकस मेला तो दिवस धरतो. ट्रिब्यूनला हात लावायचा नाही हा नियम सिनेटनेच मोडल्यावर बाकीचे नियम कोण पाळणार?

पुढचं मग भराभर होत गेलं. मारियस या सेनापतीने मालमत्ता नसलेल्यांना फौजेत घेतलं, ते जमिनीसाठी आपापल्या सेनापतीकडे बघायला लागले. नागरिकत्व द्यायला टाळाटाळ केली म्हणून 91 मध्ये इटलीतलेच मित्र उठले, आणि त्यांना ते शेवटी द्यावंच लागलं. 88 मध्ये सुल्ला हा सेनापती स्वतःचं सैन्य घेऊन रोमवर चालून आला, नंतर डिक्टेटर झाला, तोही मुदतीशिवाय. सीझरने 49 ला फौज घेऊन रुबिकॉन ही हद्दीची नदी ओलांडली तेव्हा वाट मळलेलीच होती.

सीझरचा दत्तक वारस ऑक्टेव्हियन जास्त हुशार. 31 ला ॲक्टियमची आरमारी लढाई जिंकून, पुढच्या वर्षी इजिप्त घेऊन तो रोमला आला तरी राजा हा शब्द त्याने जवळ येऊ दिला नाही, डिक्टेटरपदही नाकारलं. 27 मध्ये ऑगस्टस ही पदवी घेतली, महत्त्वाचे प्रांत आणि तिथल्या फौजा स्वतःकडे ठेवल्या, 23 मध्ये ट्रिब्यूनचे अधिकार जन्मभरासाठी घेतले. सिनेट भरत राहिली आणि कॉन्सल होतच राहिले, अगदी इ.स. 541 पर्यंत, तेव्हा रोमचा सम्राट कॉन्स्टँटिनोपलला बसत होता आणि त्याने त्या खर्चिक पदावर माणसं नेमणं बंद केलं.