असूया, किशोरवयीन मैत्रीतील (कथासाहित्य)

जिवलग मित्राचा गुणच डोळ्यांत सलू लागतो, पण त्याच्यावाचून करमतही नाही, या ओढाताणीभोवती रचलेल्या कथा-कादंबऱ्यांचा विषय. बोलण्यात हेवा, मत्सर, असूया हे शब्द एकमेकांच्या जागी येतात. इथे मात्र असूयेचा जुना अर्थ नेमका लागू पडतो. भरताच्या नाट्यशास्त्रातील 33 व्यभिचारी भावांत, म्हणजे मनात येऊनजाऊन असणाऱ्या भावांत, ती मोडते, आणि अमरकोश तिचा अर्थ ‘दोषारोपो गुणेष्वपि’, म्हणजे गुणांवरही दोष लादणे, असा देतो. हेवा वाटणाऱ्याला मित्राजवळचे काहीतरी हवे असते. असूया मित्राच्या चांगुलपणाचाच वाईट अर्थ लावते.

जॉन नोल्स यांच्या ‘अ सेपरेट पीस’ (1959) या कादंबरीत हा भाव पायरीपायरीने चढत जातो. काळ 1942 चा उन्हाळा, स्थळ न्यू हॅम्पशरमधील मुलांची निवासी शाळा. जीन अभ्यासात पुढे, फिनी मैदानावर. फिनी पोहण्यातला शाळेचा विक्रम मोडतो; पाहायला एकटा जीन, आणि कुणाला सांगायचे नाही असे फिनी बजावतो. कौतुकाची हाव नसलेल्या मुलाशी चढाओढ करायची तरी कशी? एकदा फिनी त्याला समुद्रावर नेतो, तू माझा सगळ्यांत जवळचा मित्र असे उघड सांगतो. जीन गप्प राहतो. दुसऱ्या दिवशी तो त्रिकोणमितीत नापास होतो आणि आपला अभ्यास बुडवायलाच फिनीचे हे सगळे चालले आहे अशी त्याची खात्री पटते. या समजुतीने त्याला उलट बरे वाटते: दोघेही वैरी, म्हणजे हिशेब बरोबरीचा.

मग एका संध्याकाळी फिनी सहज बोलून जातो की तुला अभ्यास करावा लागतो हे मला ठाऊकच नव्हते, तुला सगळे आपोआप येते असे वाटायचे. वैर फक्त जीनच्या मनात होते. त्यानंतर थोड्याच वेळात दोघे नदीवर झुकलेल्या झाडावर उभे असताना जीनचे गुडघे वाकतात, फांदी हलते, फिनी काठावर कोसळतो आणि त्याचा पाय मोडतो. इथला क्रम फार विचारपूर्वक लावलेला आहे. संशय कायम असता तर हा सूड ठरला असता. संशय फिटल्यावर, मित्र आपल्यापेक्षा खरोखर चांगला आहे हे कळल्यावर हा प्रसंग घडतो, आणि म्हणून जास्त भयंकर वाटतो. हेतू किती होता, हे नोल्स उलगडून सांगत नाहीत. वाचकाला दिसतात ते गुडघे. पुढे जीन फिनीचा गुलाबी शर्ट घालून आरशासमोर उभा राहतो.

एलेना फेरान्ते यांच्या नेपल्सवरील चार कादंबऱ्यांत (2011–14) पारडे सतत वरखाली होते. लीला आणि कथा सांगणारी एलेना या दोन मैत्रिणींपैकी लीलाची शाळा प्राथमिकनंतर सुटते, एलेना पुढे शिकते. तरी वाचनालयातली पुस्तके आणून लॅटिन आधी लीलाच शिकते. पहिल्या भागाच्या शीर्षकातली अलौकिक हुशारीची मैत्रीण म्हणजे लीला, असे वाचक धरून चालतो. लीला मात्र स्वतःच्या लग्नाच्या दिवशी ते शब्द एलेनाला उद्देशून म्हणते. दुसऱ्या भागात, लीलाने विश्वासाने सांभाळायला दिलेल्या वह्या एलेना पीसा शहरात आर्नो नदीत ढकलून देते.

दोन्हीकडे निवेदन प्रथमपुरुषी, अनेक वर्षांनंतरचे आणि असूया वाटणाऱ्याच्याच तोंडी आहे. मित्राचे मन आतून दिसू लागले की चुकीचा अर्थ लावायला जागाच उरत नाही, म्हणून ही योजना. असे लेखन फसते ते बहुधा दोन ठिकाणी. एक, मित्राला गर्विष्ठ किंवा कपटी केले जाते. मग राग रास्त ठरतो आणि अंतर्द्वंद्व संपते. दुसरे, कबुली आणि रडारड झाली की सगळे मिटते. नोल्स यांचा जीन फिनीच्या घरी जाऊन खरे सांगतो, तेव्हा फिनी त्यावर विश्वासच ठेवायला तयार होत नाही.