गुठळी नाही, अडथळा नाही, तरी आतडं काळं पडतं

हार्ट अटॅक म्हणजे काय, हे आता शाळकरी मुलंही सांगतात. रक्तवाहिनीत गुठळी अडकते, पुढच्या स्नायूला रक्त मिळत नाही आणि तो मरतो. पक्षाघाताची गोष्टही बहुतेक वेळा अशीच. त्यामुळे आपल्या मनात एक समज घट्ट बसला आहे: रक्त पोहोचलं नाही, म्हणजे वाटेत काहीतरी अडलं असणार.

आयसीयूतला एक आजार हा समज खोटा ठरवतो. सर्जन पोट उघडतात, आतड्याच्या मुख्य धमनीवर बोट ठेवतात, तर ती उडत असते. पण तिच्याच पुढचं आतडं ठिकठिकाणी जांभळं-काळं पडलेलं असतं. वीतभर चांगला भाग, मग पुन्हा काळा पट्टा. गुठळी कुठेच सापडत नाही. 1958 साली नॉर्मन एंड या डॉक्टरांनी हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांमध्ये असं मेलेलं आतडं पाहिलं आणि त्याचं वर्णन छापलं. आज याला नॉन-ऑक्लुझिव्ह मेसेंटेरिक इस्केमिया म्हणतात, थोडक्यात ‘नोमी’. आतड्याचा रक्तपुरवठा अचानक तुटण्याच्या घटनांपैकी साधारण पाचवा हिस्सा नोमीचा असतो, आणि त्यात निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात.

मग रक्त जातं कुठे? आपण स्वस्थ बसलेलो असताना हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं. त्यातला पाचवा ते चौथा हिस्सा जठर, आतडी, प्लीहा आणि यकृत यांच्याकडे जातो. मोठा रक्तस्राव झाला, जंतुसंसर्गाने बीपी कोसळलं किंवा हृदय दमलं, की शरीर आधी इथलं रक्त काढून घेतं. ॲड्रेनलिन, नॉरॲड्रेनलिन, अँजिओटेन्सिन, व्हॅसोप्रेसिन ही सगळी रसायनं आतड्याच्या बारीक धमन्या आवळतात आणि वाचलेलं रक्त हृदयाला व मेंदूला मिळतं. तास-दोन तासांच्या संकटासाठी ही व्यवस्था अगदी योग्य आहे. पण आयसीयू नव्हतं तेव्हा इतक्या खोल शॉकमध्ये, म्हणजे बीपी कोसळून अवयवांना रक्त अपुरं पडण्याच्या अवस्थेत, चार-चार दिवस कुणी जगतच नसे. आता जगतात, आणि तेही बीपी टिकवायला नॉरॲड्रेनलिनचा पंप लावून. म्हणजे ज्या रसायनाने शरीराने धमन्या आवळल्या, तेच आपण बाहेरून आणखी देतो. त्याला पर्याय नसतो, कारण बीपीच नसेल तर आतड्यालाही रक्त मिळणार नाही.

इथपर्यंतचा भाग पाठ्यपुस्तकात असतो. मला खरी भुरळ पडली ती याच्या पुढच्या टप्प्याची.

लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते. त्यातला एकेक तंतू, म्हणजे व्हिलस, अर्धा ते एक मिलिमीटर उंच. सूक्ष्मदर्शकाखाली तो बोटासारखा दिसतो. त्याच्या मधोमध एक बारीक धमनी सरळ टोकापर्यंत चढते, तिथे कारंज्यासारखी फुटते, आणि रक्त कडेकडेच्या केशवाहिन्यांतून व शिरांतून खाली उतरतं. चढणारं आणि उतरणारं रक्त यांच्यात अंतर किती? सुमारे 20 मायक्रोमीटर, केसाच्या जाडीपेक्षाही कमी.

आता बर्फाळ पाण्यात उभा असलेला पक्षी डोळ्यांसमोर आणा. त्याच्या पायात उतरणारं गरम रक्त आणि वर येणारं गार रक्त एकमेकांना खेटून वाहतं. उतरणारं रक्त आपली ऊब वाटेतच शेजारच्या वाहिनीला देतं. पंजापर्यंत पोहोचेतो ते गारच असतं, आणि शरीराची ऊब शरीरातच राहते. व्हिलसमध्ये हेच ऑक्सिजनच्या बाबतीत घडतं. चढणाऱ्या धमनीतला ऑक्सिजन टोकाला पोहोचण्याआधीच भिंतीतून झिरपून शेजारच्या उतरत्या रक्तात जातो आणि टोकाला न भेटताच परत फिरतो. म्हणून टोकाकडे ऑक्सिजन नेहमीच कमी असतो, अगदी धडधाकट माणसातही.

शरीराने हे असं का बांधलं असेल? स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या ओवे लुंडग्रेन यांनी अनेक वर्षं यावर काम केलं. त्यांच्या मांडणीनुसार याच विरुद्ध प्रवाहामुळे टोकाशी सोडियम साचतो. टोकाकडचा द्रव दाट होतो आणि आतड्यातलं पाणी तिकडे ओढलं जातं. म्हणजे पाणी शोषण्याच्या सोयीची किंमत ऑक्सिजनमध्ये मोजली जाते. मूत्रपिंडाच्या आतल्या भागातही असाच सौदा आहे, आणि शॉकमध्ये तोही भाग लवकर दुखावतो.

रक्ताचा वेग चांगला असेल तोवर या गळतीने फारसं बिघडत नाही. ऑक्सिजनला निसटायला वेळच मिळत नाही. धमन्या आवळल्या की मात्र दुहेरी फटका बसतो: रक्त कमी येतं, आणि जे येतं ते संथ येतं. संथ रक्तातला ऑक्सिजन शेजारी झिरपायला भरपूर वेळ मिळतो. त्यामुळे आतड्याला मिळणारं रक्त निम्म्यावर आलं, तर टोकाला मिळणारा ऑक्सिजन निम्म्याहूनही खाली जातो. माणसात ही गळती नेमकी किती मोठी असते यावर वाद आहेत, पण पहिला घाव टोकावर पडतो हे ऊतींच्या तपासणीत स्पष्ट दिसतं. सुरुवातीला टोकाच्या पेशींच्या थराखाली फोडासारखी पोकळी तयार होते. मग तो थर कडेने सुटत खाली सरकतो आणि शेवटी व्हिलस उघडा पडतो. 1970 साली चिउ आणि सहकाऱ्यांनी या पायऱ्यांना क्रमांक दिले, ते आजही वापरले जातात.

नुकसान असं आतून बाहेर पसरतं. त्यामुळे बाहेरून आतडं गुलाबी दिसत असताना आतलं अस्तर सोललेलं असू शकतं. दिलासा देणारी बाजूही याच रचनेत आहे. नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी व्हिलसच्या पायथ्याशी, खळग्यांत असतात, म्हणजे जिथे ऑक्सिजन बरा असतो तिथे. एरवीही हे अस्तर तीन ते पाच दिवसांत संपूर्ण बदलतं. रक्त वेळेत परतलं तर उघडी पडलेली टोकं पुन्हा झाकली जातात.

पण रक्त परतण्यातही धोका आहे. उपाशी पेशीत एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जा पुरवणारं रसायन, मोडून हायपोझँथिन साचतं, आणि एक एन्झाइम झँथिन ऑक्सिडेझच्या रूपात बदलून बसलेलं असतं. ऑक्सिजन आला रे आला, की या दोघांच्या संगतीने त्याचे सुपरऑक्साइड रेणू बनतात आणि ते पेशीचं आवरण जाळत सुटतात. पार्क्स आणि ग्रेंजर यांनी 1986 मध्ये मांजराच्या आतड्यावर केलेला प्रयोग वाचला तेव्हा मी थक्क झालो. तीन तास रक्त कमी ठेवून एक तास परत सोडलं, तेव्हाची इजा सलग चार तास रक्त कमी ठेवल्यापेक्षा जास्त होती.

आणखी एक गुंता असा की मूळ कारण दुरुस्त झालं, बीपी सुधारलं, तरी धमन्यांची आवळ सुटेलच असं नाही. न्यूयॉर्कच्या स्कॉट बोली यांनी हे ओळखलं. 1970 च्या दशकात त्यांनी थेट आतड्याच्या धमनीत नळी घालून पापावेरिन हे धमन्या सैल करणारं औषध सोडायची पद्धत रुजवली. ती आजही निवडक रुग्णांत वापरतात.

अस्तर फाटलं की आतड्यातले जंतू आणि त्यांची विषं आत शिरू शकतात. इथे एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. ‘लीकी गट’, म्हणजे गळकं आतडं, हा शब्द सध्या थकव्यापासून मुरुमांपर्यंत सगळ्याचं कारण म्हणून विकला जातो, आणि त्यावर पावडरी व डबे खपवले जातात. आतड्याचा बांध खरोखर फुटतो तेव्हा काय होतं, ते आयसीयूत दिसतं. ती कुठल्याही पावडरीने सांधण्याची गोष्ट नाही. चालत्याफिरत्या माणसाला भीती घालून औषध विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

निदान कठीण असतं. जागा माणूस पोट धरून कळवळला असता. इथे रुग्ण व्हेंटिलेटरवर आणि गुंगीत असतो, दुखतंय हे सांगणारंच कुणी नाही. मग आडून येणाऱ्या खुणा वाचाव्या लागतात. सकाळी मऊ असलेलं पोट रात्री ताठ लागतं. नाकातल्या नळीतून दिलेलं फीड पचत नाही आणि सिरिंजने ओढलं की तसंच परत येतं. नॉरॲड्रेनलिनचा डोस कारण कळत नसताना वाढवावा लागतो. रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे ऑक्सिजन कमी पडला की पेशींत वाढणारं रसायन, चढतं, पण ते शॉकमध्ये इतर कारणांनीही चढतं, आणि आतड्यातून आलेलं बरंचसं लॅक्टेट यकृत गिळतं. त्यामुळे लॅक्टेट ठीक आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. सीटी अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) आतड्याच्या भिंतीत हवेचे बुडबुडे दिसले, तर बहुधा उशीर झालेला असतो.

नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न असतो, “दोन दिवस पोटात काही नाही, अंगात ताकद कुठून येणार?” काळजी खरी आहे. पण अन्न आलं की आतड्याचं काम वाढतं, म्हणजे ऑक्सिजनची मागणीही वाढते, आणि पुरवठा तर आधीच आवळलेला आहे. फ्रान्समधल्या न्यूट्रिरिया-2 या अभ्यासात व्हेंटिलेटरवरच्या, शॉकमधल्या 2410 रुग्णांपैकी अर्ध्यांना सुरुवातीपासून पुरेसं अन्न नळीने आतड्यात दिलं, अर्ध्यांना शिरेतून. निकाल 2018 मध्ये छापून आले: आतड्याचा रक्तपुरवठा तुटल्याच्या घटना नळीवाल्या गटात 19, शिरेवाल्या गटात 5. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र ठळक फरक पडला नाही. याचा अर्थ नळीने अन्न देऊच नये असा नाही, थोडं अन्न अस्तराला हवंच असतं. म्हणून नॉरॲड्रेनलिन चढत असताना फीडचा पंप थांबवतात किंवा अगदी संथ ठेवतात. डोस उतरू लागला की तो पंप ताशी 10-20 मिलिलिटरवर सुरू होतो, आणि पुढची वाढ करण्याआधी नर्स पोटावर हात ठेवून पाहतात, अजून मऊ आहे का.