खवट मेदावरचा संशय: पार्श्वभूमी

१८२०च्या सुमारास स्विस रसायनशास्त्रज्ञ निकोला-थिओदोर द सोस्यूर यांनी पाण्यावर अक्रोडाच्या तेलाचा थर पसरून तो ऑक्सिजनमध्ये ठेवला. पहिल्या आठ महिन्यांत तेलाने स्वतःच्या आकारमानाच्या जेमतेम तिप्पट वायू शोषला. पुढच्या दहाच दिवसांत साठपट! या उसळीचे कारण १९४०च्या दशकात स्पष्ट झाले: तेलातल्या असंतृप्त मेदाम्लाचा (मेदाच्या एका घटकाचा) एक रेणू ऑक्सिजनशी संयोग होऊन बिघडला, म्हणजे त्याचे ऑक्सिडीकरण झाले, की तो शेजारच्यालाही बिघडवतो आणि साखळी सुरू होते. मेद खवट होतो तो असा.

आजारांशी या ऑक्सिडीकरणाचे नाते जुळले ते वेगळ्याच वाटेने. १९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातले आणि त्यांच्या धमन्यांत थर साचले. १९७६ मध्ये इमाई, टेलर आणि सहकाऱ्यांनी एक गोम दाखवली. हवेत साठवलेल्या कोलेस्टेरॉलमध्ये ऑक्सिडीकरणातून बनलेली द्रव्ये असतात आणि धमन्यांच्या पेशींना मुख्य इजा त्यांच्यामुळे होते. याचा आधार घेऊन कोलेस्टेरॉलला निर्दोष ठरवणारे पुष्कळ भेटतात, पण तेवढा अर्थ त्यातून निघत नाही. जन्मतःच एलडीएल (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण) खूप जास्त असलेल्यांना ऐन तारुण्यात हृदयविकार गाठतो, ते काही खवट खाण्यामुळे नव्हे.

खरे वळण १९७९चे. अमेरिकी संशोधक ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना दिसले की मॅक्रोफेज पेशी (नको असलेले पदार्थ गिळणाऱ्या रक्षक पेशी) नैसर्गिक एलडीएल फारसे उचलतच नाहीत. रासायनिक बदल केलेले मात्र अधाशासारखे गिळतात, आणि अशा फुगलेल्या पेशींतूनच धमन्यांतले थर साचतात. मग शरीरात हा बदल करते कोण? सॅन दिएगोत डॅनियल स्टाइनबर्ग यांच्या गटाने एलडीएल धमनीच्या अस्तराच्या पेशींसोबत ठेवले, तेव्हा ते आपोआप बदलले. तो बदल म्हणजे ऑक्सिडीकरण, हे १९८४ पर्यंत सिद्ध झाले. म्हणजे बिघाड ताटातच व्हायला हवा असे नाही, तो धमनीच्या भिंतीतही होतो.

साहजिकच सगळ्यांच्या नजरा ऑक्सिडीकरण रोखणाऱ्या ई जीवनसत्त्वाकडे वळल्या. २००० साली, हृदयविकाराचा धोका असलेल्यांना ई जीवनसत्त्वाची गोळी देऊन पाहणाऱ्या ‘होप’ चाचणीचा निकाल आला: नऊ हजारांवर रुग्ण, साडेचार वर्षे, फायदा शून्य. माझ्या मते यात हरला तो उपाय, ऑक्सिडीकरणाची कल्पना नव्हे. त्या गोळीने धमनीतले ऑक्सिडीकरण खरेच थांबले होते का, हे कोणी मोजलेच नव्हते.

२०१२ साली याच साखळीचा आणखी एक पैलू पुढे आला. लोहाच्या साहाय्याने पेशीपटलातील मेद ऑक्सिडाइझ होऊन पेशी मरते, त्या मरणप्रकाराला ‘फेरोप्टोसिस’ हे नाव मिळाले. तेव्हापासून मूत्रपिंडाची इजा, मेंदूचा ऱ्हास आणि कर्करोग यांवरच्या संशोधनातही या मेदाची चौकशी सुरू आहे.