चिंधीपासून फेल्टपर्यंत: मुंबईतल्या घरगुती खेळण्यांची आणि सोंगांची पार्श्वभूमी

शाळांची स्नेहसंमेलने जवळ आली की क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर पालकांची वर्दळ वाढते. कुणाला वाघाची शेपटी हवी असते, कुणाला सशाचे कान, कुणाला मारुतीची गदा मढवायला सोनेरी कापड. बहुतेकांच्या पिशवीत फेल्टच्या चार-सहा रंगीत शीट पडतातच. फेल्ट कापले की दोरे सुटत नाहीत, दुमड घालावी लागत नाही, उलट-सुलट बाजू बघावी लागत नाही. बटण लावण्यापलीकडे ज्यांनी सुई धरलेली नाही, त्यांनाही एका संध्याकाळी ससा जमतो. हे काम इतके सोपे आणि स्वस्त कसे झाले, याची हकिगत लांबून येते, पण तिचा महत्त्वाचा टप्पा आपल्याच गिरणगावाशी जोडलेला आहे.

मूळचे फेल्ट लोकरीचे. लोकरीच्या तंतूवर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात. गरम पाणी, साबण आणि भरपूर रगडणे एवढे झाले की खवले एकमेकांत अडकतात आणि तंतूंचे घट्ट कापड होते. ना माग लागतो, ना सूत. सायबेरियातल्या अल्ताई पर्वतात पाझिरिक इथल्या थडग्यांमध्ये, गोठलेल्या जमिनीत, फेल्टचे भरीव हंस सापडले. ते दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे आहेत आणि सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात ठेवलेले आहेत. चोच, मान, पंख वेगवेगळे कापून शिवायचे आणि आत भरण घालायची, ही आज आपण करतो तीच रीत त्या हंसांत दिसते. आपल्या देशात काश्मीरचा आणि राजस्थानातल्या टोंकचा नमदा (लोकरीचा जाड गालिचा) याच जातीचा. महाराष्ट्रात मात्र धनगरांनी लोकर विणली. घोंगडी मागावर विणतात आणि चिंचोक्याची खळ देऊन तिला ताठपणा आणतात. त्यामुळे फेल्ट ही आपल्या घरातली जुनी वस्तू नव्हे.

फेल्टचे खेळणे जगाच्या बाजारात आले ते जर्मनीतल्या गिंगेन गावातून. मार्गारेट श्टाइफ 1847 साली तिथे जन्मली. लहानपणीच पोलिओ झाल्याने तिला चालता येत नव्हते आणि उजवा हातही अधू होता. तरी ती शिवण शिकली, आणि 1877 मध्ये तिने फेल्टच्या कपड्यांचे दुकान काढले. एका मासिकात आलेल्या नमुन्यावरून तिने टाचण्या खोचायला फेल्टचा छोटा हत्ती शिवला. बायकांनी तो टाचण्यांसाठी घेतला आणि मुलांनी खेळायला पळवला. कंपनीची सुरुवात 1880 ची मानतात ती याच हत्तीपासून. पुढे तिचा पुतण्या रिचर्ड याने 1902 मध्ये हातपाय हलणारे अस्वल तयार केले. त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, त्यावर व्यंगचित्र आले आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका दुकानात ‘टेडी’ नावाचे अस्वल विकायला लागले. टेडीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मला मात्र तो हत्ती जास्त मोलाचा वाटतो, कारण शिवणाऱ्या हाताने आधी घरगुती वापराची वस्तू केली आणि तिचे खेळणे मुलांनी केले.

आता मुंबईकडे येऊ. गावाकडची ठकी लाकडाची आणि सावंतवाडीच्या चितारआळीतली भातुकलीही लाकडाचीच. गिरणगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीत खेळणे व्हायचे ते कापडाचे, कारण कापडाला तिथे तोटा नव्हता. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवच्या कापड गिरणीसाठी कंपनी काढली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा सुताच्या वासात जगला. कटपीस, डागी कापड, जुनी लुगडी, धोतरे यांतून आधी वाकळ व्हायची आणि वाकळीतून जे उरेल त्याची बाहुली. मऊ झालेल्या धोतराचा हातभर तुकडा घ्यायचा, मधोमध कापसाचा गोळा ठेवून मान दोऱ्याने आवळायची, उरलेल्या कापडाच्या दोन बाजूंना गाठी मारल्या की हात. केसांना काळा दोरा, डोळ्यांना काजळ, नेसवायला खणाची चिंधी. कापूस पिंजाऱ्याकडचा, नाहीतर जुन्या उशीतून काढलेला. ही बाहुली धुतली की तिचा गोळा व्हायचा आणि आई नाहीतर आजी नवी करून द्यायची. तिला पैसे पडत नसत, म्हणून तिची नोंदही कुणी ठेवली नाही. कापडाचा इतका मोठा इतिहास लिहिला गेला, पण त्यात ही बाहुली शोधून सापडत नाही, याचे वाईट वाटते.

18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले कित्येक पुन्हा गिरणीतल्या साच्यावर गेलेच नाहीत. त्याच 1982 मध्ये, मुंबईपासून फार दूर नाही अशा पाताळगंगेला, रायगड जिल्ह्यात, रिलायन्सचा पॉलिएस्टरचा कारखाना सुरू झाला. दोन्हींचा एकमेकांशी सरळ संबंध जोडता येणार नाही. पण मुंबईच्या घरात हाताशी येणारे कापड कसे बदलले ते समजायला हे एक वर्ष पुरेसे आहे. सुती चिंधी दुर्मीळ होत गेली आणि कृत्रिम धाग्याचा माल स्वस्त होत गेला. खेळण्यात भरायच्या पांढऱ्या पोकळ तंतूला आज गादीवाल्यापासून शिवणाच्या क्लासपर्यंत सगळे ‘रेक्रॉन’ म्हणतात. ते रिलायन्सच्या मालाचे नाव, पण आता कुठल्याही कंपनीच्या भरणीला तेच चिकटले आहे.

आपण जे फेल्ट आणतो तेही असेच: अॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टर. या धाग्यांना खवले नसतात, त्यामुळे गरम पाण्यात कितीही रगडले तरी ते जमणार नाहीत. म्हणून कारखान्यात तंतूंचा पापुद्रा पसरून त्यावर बारीक दातेरी सुयांचे पाट वर-खाली मारतात. सुईचे दाते वरचे तंतू खाली ओढतात आणि सगळे एकमेकांत गुंततात. लोकर नको, साबण नको, वेळ नको, आणि स्वस्ताईचे मूळ इथेच आहे. याचे तोटेही शीट हातात घेतली की कळतात. लहान मुलाने सतत कवटाळलेल्या खेळण्यावर महिन्याभरात गोळे धरतात, आणि ग्लू गनचे टोक जरा जास्त वेळ टेकले तर कापड आकसून टणक होते. शिवायचे असेल तर 1 मिलिमीटरचे मऊ फेल्ट घ्यावे. सशाचे कान उभे राहायला हवे असतील तर 2 किंवा 3 मिलिमीटरचे ताठ फेल्ट दोन पदरांच्या मध्ये घालावे, नाहीतर मुलगा रंगमंचावर जाईपर्यंत कान मान टाकतात. कडेने काजाचा टाका बाहेरूनच घालायचा. फेल्टच्या खेळण्याला जी ओळखीची वळणदार किनार दिसते ती याच टाक्याची.

सोंगांचा इतिहास खेळण्यांपेक्षा श्रीमंत आहे. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात देवदेवतांचे आणि राक्षसांचे मुखवटे नाचवतात. ते लाकडाचे, तसेच कागदाच्या लगद्याचे. कोकणातले दशावतारी आपले मुकुट आणि आयुधे पेटाऱ्यात घालून गावोगाव फिरत. गिरणीत कामाला आलेल्या चाकरमान्यांनी दशावतार, नमन, भजन सगळे मुंबईत आणले आणि परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या ठिकाणी कामगारांची नाटके उभी राहिली. नाटकातल्या पोशाख-मुकुटांच्या या सरंजामाला मराठी रंगभूमीवर कपडेपट म्हणतात. मुकुटाला पुठ्ठा, त्यावर बेगड, चिकटवायला खळ किंवा सरस. 1959 मध्ये मुंबईत फेविकॉल आले तसा सरस आधी सुतारकामातून आणि मग हस्तकलेतूनही मागे पडला. त्याच वर्षी सुधा करमरकर यांनी मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने मुलांची रंगभूमी सुरू केली आणि पहिले नाटक रत्नाकर मतकरींनी लिहिले. पुढे मतकरींनी स्वतःची बालनाट्य संस्था काढली. राक्षस, चेटकीण, बोलणारे प्राणी हे मुलांनी समोर, प्रत्यक्ष पाहिले ते या नाटकांत. शाळांच्या संमेलनांत आज जे प्राणी नाचतात त्यांची वंशावळ मी तिथूनच लावते. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला हसरा ससा रामदास पाध्ये यांनी घडवला. दूरदर्शन बघत वाढलेल्या पिढीसाठी मऊ, बोलका प्राणी म्हणजे तोच.

परदेशातही वेशाची हौस शिवणयंत्रावरच वाढली. 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाला मर्टल डग्लस आणि फॉरेस्ट अॅकरमन भविष्यकाळातले कपडे घालून गेले, आणि दोघांचे कपडे मर्टलने शिवले होते. आता मुंबईतही कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्सच्या चाहत्यांचा मेळा, भरते. तिथे येणारी कित्येक मुले आपली ढाल-तलवार घरीच फोमच्या शीट कापून करतात, आणि त्यांची खरेदी अजूनही अब्दुल रहमान स्ट्रीट आणि भुलेश्वरच्या गल्ल्यांतच होते.

गेल्या काही वर्षांतली मोठी ढवळाढवळ दोन सरकारी निर्णयांनी केली. महाराष्ट्राने 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंबरोबर थर्माकोलवरही बंदी आणली. मखरवाल्यांनी गणपतीपुरती सवलत मागितली, ती उच्च न्यायालयाने दिली नाही. मग घरगुती मखरांत कागद, पुठ्ठा, कापड आणि फेल्ट आले. फेल्टचे उंदीर आणि मोदक तेव्हापासून जास्त दिसायला लागले. यात एक गोष्ट खटकते. थर्माकोल गेले तरी अॅक्रिलिक फेल्ट हेही शेवटी प्लॅस्टिकच, आणि त्याचे तुकडे कुजत नाहीत. मखर दरवर्षी तेच वापरले तरच त्याला अर्थ आहे. धारावीतल्या शिलाई कारखान्यांतून आजही कतरण बाहेर पडते. भरणीसाठी रेक्रॉनऐवजी ती बारीक कापून घातली तर खेळणे जड होते, पण बसवले की बसते, कलंडत नाही.

दुसरा निर्णय खेळण्यांचा. फेब्रुवारी 2020 मध्ये खेळण्यांवरचे आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. बाहेरचा स्वस्त माल आटला, तशी घरी शिवणाऱ्या बायकांकडे विचारणा वाढावी अशी स्थिती आली. पण चिन्हाची सक्ती त्यांनाही लागू होऊ शकते. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या मालाला तेवढी सूट आहे. ओळखीपाळखीत भेट देण्यापलीकडे जाऊन जी कुणी ससे आणि हत्ती विकायला काढणार असेल, तिने ही कारागीर नोंदणी आधी करून घ्यावी. आणि तीन वर्षांखालच्या मुलासाठी डोळे चिकटवू नयेत, काळ्या दोऱ्याने भरावेत. चिकटवलेला डोळा ओढला की निघतो आणि सरळ तोंडात जातो.